प्रश्न मुलांनी निवडायचा

नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक लांबत गेली आणि शहराचा कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कळमन्यातली जी मुलगी सहावीच्या वर्गात आली, ती नववीत जाऊन बसली तरी तिच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता. सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनसंस्थांचे पाठ आहेत. प्रभाग म्हणजे काय, महापौर कोण निवडतो, स्थायी समिती काय करते, हे सगळे तिने पाठ केले, पेपरात लिहिले, गुणही मिळवले. घरासमोरची नाली तुंबली तर कोणाकडे जायचे, हे मात्र तिला घरातही धड कोणी सांगू शकत नव्हते. ज्याच्या दारात जायची सवय होती, तो माणूस पदावरच नव्हता.

आठवी ते दहावीच्या मुलांनी आपल्या वस्तीचा अभ्यास स्वतः करावा आणि त्यातून नागरिक म्हणून उभे राहावे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. ती शिक्षकांसाठी लिहिली आहे, पण मुलांच्या हाती पडली तर अधिक बरे. अशा अभ्यासाला सहभागी संशोधन म्हणतात. नाव थोडे भारदस्त वाटते. कल्पना सरळ आहे. ज्यांच्या जगण्याचा प्रश्न आहे त्यांनीच तो मांडायचा, माहितीही त्यांनीच गोळा करायची, तिचा अर्थ लावायचा आणि हाती जे लागेल ते घेऊन जबाबदार माणसासमोर उभे राहायचे. यातली प्रत्येक पायरी महत्त्वाची आहे, पण माझ्या मते सगळे पहिल्या पायरीवर अवलंबून आहे. प्रश्न कोणी निवडला? तो शिक्षकाने दिला असेल, तर पुढे मुले कितीही राबली तरी तो गृहपाठच राहतो.

कळमना म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर बाजार समितीचे यार्ड येते. धान्य, मिरची, आलू-कांदे, संत्री, मोसंबी. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून. हिवाळा सरताना भिवापूरकडची लाल मिरची येते आणि मग यार्डाजवळून जाणाऱ्याला नाकाला रुमाल लावावा लागतो. शेजारून हावड्याकडे जाणारी रेल्वेलाइन, तिच्यावर मालगाड्या. आणि या सगळ्याच्या भोवती ज्यांच्या हातांवर बाजार चालतो त्यांच्या वस्त्या: हमाल, मापाडी, ठेलेवाले, ऑटोवाले, मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया, छत्तीसगढहून येऊन इथेच रुजलेली मजुरांची कुटुंबे. इथल्या एका वर्गात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी अशा तीन भाषा सहज ऐकू येतात.

या मुलांना जे ठाऊक असते ते पाहून थक्क व्हायला होते. आवक वाढली की भाव कसा पडतो, अडत कशावर बसते, पोत्यामागे हमाली कशी ठरते, कोणत्या दिवशी ट्रकांची रांग कुठपर्यंत जाते, हे त्यांना जेवता जेवता कळलेले असते. बाजारपेठ आणि वाहतूक हे विषय भूगोलात येतात तेव्हा या ज्ञानाला वर्गात जागा नसते. मुलगा पुस्तकातली व्याख्या चुकतो, त्याचा गुण जातो, आणि आपल्या बापाच्या कामाबद्दल आपल्याला जे कळते ते शिक्षणात धरले जात नाही, एवढे मात्र तो पक्के शिकतो.

मुलांना प्रश्न पडत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी १९ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवावी. बांधकाम सुरू असलेल्या उड्डाणपुलाचा एक भाग कळमन्यात कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा घटनेनंतर मोठी माणसे दोन दिवस हळहळतात. मुले विचारतात, की पूल पडायच्या आधी तो बरोबर बांधला जातोय हे कोण तपासते? त्या माणसाचे नाव कुठे लिहिलेले असते? आपण विचारले तर तो सांगेल का? नागरिकशास्त्राच्या कुठल्याही स्वाध्यायापेक्षा हे प्रश्न मोलाचे आहेत. ते हवेत विरून जाऊ नयेत, यासाठी शाळेला काही करता येईल का, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

राज्यघटनेचा आधार आपल्या बाजूने आहे. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये मूलभूत कर्तव्यांचा अनुच्छेद ५१ क आला, आणि त्यात वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या जोडीने शोधक बुद्धी वाढवणे हेही नागरिकाचे कर्तव्य ठरले. कर्तव्यांची ही यादी पाठ्यपुस्तकांत छापलेली असते. नागपूरला याबाबतीत आणखी एक मान आहे. २००५ मध्ये ई. झेड. खोब्रागडे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना त्यांनी जिल्ह्यातल्या शाळांत संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन सुरू केले आणि २६ नोव्हेंबरला संविधान दिन साजरा करण्याचा पायंडा पाडला. देशभर तो सरकारी पातळीवर पाळला जाऊ लागला २०१५ पासून. ज्या जिल्ह्याने प्रास्ताविका मुलांच्या ओठांवर आणली, त्याच जिल्ह्यात तिच्यातला 'आम्ही' मुलांच्या रोजच्या वागण्यात उतरवायचे काम पुढे जावे, असे मला मनापासून वाटते.

पण मुलांचा सहभाग म्हटले की आपल्याकडे पहिली आठवण प्रभातफेरीची होते. स्वच्छतेचा पंधरवडा असो की मतदार जागृती, मुलांच्या हाती फलक देऊन त्यांना उन्हात फिरवले जाते. फलकावरचे वाक्य त्यांनी लिहिलेले नसते. रॉजर हार्ट या अभ्यासकाने १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या निबंधात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. मुलांना वापरून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते बोलावणे, या त्या तीन पायऱ्या. आपले बहुतेक शालेय उपक्रम याच पायऱ्यांवर घुटमळतात, हे कटू असले तरी खरे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातला बारावा अनुच्छेद सांगतो की मुलाशी संबंधित बाबीत त्याचे मत ऐकून घेतले पाहिजे आणि वय व समज पाहून त्याला वजन दिले पाहिजे. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. मत ऐकायचे तर ते आधी घडू द्यावे लागते, आणि मत घडते ते माहितीतून.

आपल्या जगण्याचा अभ्यास आपणच करणे, हे काही बाहेरून आणलेले खूळ नाही. मराठीत याचा मोठा वारसा आहे, आणि त्याच्या सुरुवातीलाच शाळेत शिकणारी एक मुलगी उभी आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि जेमतेम तीन वर्षे शिकली होती. तो निबंध आज वाचताना जाणवते ते हे, की ती दुःखाची नुसती गाऱ्हाणी मांडत नाही. इमारतींच्या पायात माणसे गाडली गेल्याचे ती सांगते, ज्यांच्या डोक्यावर छप्पर नाही अशा बायांचे बाळंतपण कसे होते ते सांगते, आणि मग धर्माच्या नावाने हे चालवणाऱ्यांना सरळ जाब विचारते. आपल्या वस्तीत काय घडते ते पाहणे, नोंदवणे, त्यामागचे कारण शोधणे आणि जबाबदार असणाऱ्याकडे बोट दाखवणे, हे सगळे एका शाळकरी मुलीने केले. तिला हा विषय परीक्षेसाठी कोणी नेमून दिला असता तर तो निबंध असा झाला नसता. प्रश्न तिचा होता, म्हणून धार आली.

दुसरे उदाहरण विदर्भातलेच, आणि ते मोठ्या माणसांचे आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव त्याच्या ग्रामसभेमुळे देशभर ठाऊक झाले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले तरी गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा सर्वांना माहीत असते. त्या घोषणेमागे वर्षानुवर्षे चाललेला अभ्यास होता, हे कमी जणांना ठाऊक असते. देवाजी तोफा, त्यांचे गावकरी आणि त्यांच्या सोबतीला मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते, यांनी अभ्यासगट चालवले. एखादा विषय घ्यायचा, जंगलाचा असो, कायद्याचा असो की मधमाश्या न मारता मध कसा काढायचा हा असो, त्यावर बसून बोलायचे, बाहेरचा जाणकार बोलवायचा, त्याला उलट प्रश्न विचारायचे. अभ्यासगटात निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

मेंढ्याकडून शाळांनी घ्यावे ते हे, की अभ्यासाची जागा वेगळी आणि निर्णयाची वेगळी. अभ्यास करताना कोणी हरत-जिंकत नाही, म्हणून माणूस मोकळेपणाने मत बदलू शकतो. वादविवाद स्पर्धेत वाढलेल्या आपल्या मुलांना ही सवय लावावी लागेल.

शहराचे उदाहरण मुंबईचे आहे. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी उभी केलेली 'पुकार' ही संस्था २००५ पासून युवा फेलोशिप चालवत आली. वस्त्यांमधल्या, चाळींमधल्या, कॉलेजांमधल्या तरुणांच्या गटांनी आपल्याच जगण्यातला एक विषय निवडायचा आणि त्यावर वर्षभर संशोधन करायचे. पदवीची अट नाही. अप्पादुराईंनी २००६ मध्ये संशोधनाचा हक्क या कल्पनेवर एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा, की आपल्याला जे माहीत नाही पण जगण्यासाठी माहीत असायला हवे, ते शिस्तीने शोधता येणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. तो विद्यापीठातल्या मोजक्या लोकांची मिरासदारी नाही. शालेय वयाच्या मुलांसाठी याच्या जवळ जाणारी गोष्ट १९९३ पासून चालू आहे, ती राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. १० ते १७ वयाची मुले स्थानिक प्रश्नावर गटाने प्रकल्प करतात, आपल्या भाषेत मांडतात. तिने शिकवलेली शिस्त मोलाची आहे. माझे म्हणणे एवढेच, की तिथे चांगला प्रकल्प वर वर जातो: जिल्हा, राज्य, देश. आपल्याला तो खाली, वस्तीत परत आणायचा आहे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका प्रश्नापुरते जवळून पाहू. समजा, कळमन्यातल्या एका वर्गाने ठरवले की शाळा सुटते तेव्हा समोरच्या रस्त्यावरून अवजड ट्रक किती जातात ते मोजायचे. ऐकायला हे सोपे आहे. पहिली अडचण: अवजड म्हणजे काय? चारचाकी टेम्पो धरायचा का? सहा चाकांपासून पुढचे धरायचे, असे मुले ठरवतील. मग ते ठरवल्याचे वहीच्या पहिल्या पानावर लिहायचे, म्हणजे उद्या दुसरा गट तसेच मोजेल. दुसरी अडचण जागेची. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे नाही, शाळेच्या फाटकाच्या आतून किंवा गच्चीवरून मोजायचे. वहीत पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, ट्रकमागे एक उभी रेघ, पाचवा आला की चारांवर आडवी. दोन मुलांनी एकमेकांची वही न पाहता मोजायचे. शेवटी एकाकडे ४१ आणि दुसरीकडे ३६ निघाले, तर भांडायचे नाही, फरक कुठे पडला ते शोधायचे. बहुधा एकाने रिकामे परतणारे ट्रक धरलेले असतात आणि दुसरीने सोडलेले.

तिसरी अडचण खरी शिकवणारी. बाजाराला सुटी असेल त्या दिवशी मोजले तर रस्ता सुरक्षित वाटेल, संत्र्याच्या ऐन आवकेत मोजले तर भयंकर. दोन्ही आकडे खरे आणि दोन्ही एकेकटे फसवे. मग मुले स्वतःच म्हणतात की वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या महिन्यांत मोजू. नमुना कसा निवडावा यावर मी तासभर बोललो असतो तरी हे असे उमगले नसते. आणि मोजता मोजता प्रश्नच बदलू शकतो. कदाचित असे दिसेल की ट्रक आपल्या वाटेने जातात, पण फुटपाथवर ठेले आणि ऑटो उभे असल्याने मुलांना रस्त्यावर उतरून चालावे लागते. त्यातला एखादा ठेला वर्गातल्याच कोणाच्या तरी घरचा असतो.

इथे शिक्षकाची कसोटी लागते. अडत्याचा मुलगा आणि हमालाची मुलगी एका बाकावर बसतात, ठेलेवाल्याचा मुलगा मागच्या बाकावर. निघालेली गोष्ट अवघड आहे म्हणून ती दाबायची नाही, आणि ती ज्याच्या घराला लागते त्याला एकटेही पाडायचे नाही. ठेलेवाल्याला जागा कुठे मिळायला हवी, हाही मग अभ्यासाचाच भाग होतो. त्याच्याशी बोलायला वर्गाने जावे, त्याच्याविरुद्ध तक्रार घेऊन जाऊ नये. पथविक्रेत्यांच्या हक्कांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, तो मुलांनी या निमित्ताने वाचावा.

काही मर्यादा मात्र पक्क्या आखून घ्याव्यात. मुले निरीक्षक नाहीत आणि पोलीसही नाहीत. यार्डात धोक्याच्या जागी, रुळांजवळ, कोणाच्या घरात एकट्याने, असे जायचे नाही. विचारण्याआधी परवानगी घ्यायची, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचे नाही. नाव लिहायचे नाही. घरची कमाई, दारू, मारहाण हे विषय मुलांच्या बोलण्यात येणारच. ते तक्त्यात जाणार नाहीत याची काळजी शिक्षकाने घ्यायची आणि मुलाला मदत लागत असेल तर ती वेगळी, शांतपणे मिळवून द्यायची. पाहणीत शाळेतलाच एखादा मुलगा सकाळी हमाली करताना दिसला तर तो प्रकल्पातली नोंद होऊ नये. तो आपला विद्यार्थी आहे. आणि प्रश्नावली हिंदीत व छत्तीसगढीतही विचारता आली पाहिजे. भाषा येणारी मुले वर्गात आहेतच, एरवी मागे राहणारी तीच मुले इथे पुढे येतात.

शाळांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तासिका पुरत नाहीत, दहावीचे वर्ष डोक्यावर असते, मुख्याध्यापकांना भीती असते की वरून विचारणा होईल. पण प्रकल्प आजही होतातच. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रे आणायची, इंटरनेटवरून मजकूर उतरवायचा, बांधून सादर करायचा, आणि तपासणाऱ्याने न वाचता सही करायची. त्या खोट्या कामात जाणारे तास खऱ्या कामाला दिले तर वेगळे काही मागावे लागत नाही. नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे. नळाला पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, ते भरायला घरातले कोण थांबते आणि त्यासाठी कोणाचा शाळेचा तास बुडतो, हा अभ्यास त्या विषयात सहज बसतो. नागपूरचे पाणी पेंच आणि कन्हान इथून येते. ते नकाशावर दाखवून थांबू नये, आपल्या नळापर्यंत ते कसे पोचते तिथवर यावे. पाण्याच्या तपासणीबद्दल शंका आली तर याच शहरात १९५८ पासून काम करणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. शिक्षकाने पत्र लिहून विचारायला काय हरकत आहे?

उत्तर न देणाऱ्या कार्यालयासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि कायदा नागरिकाला हक्क देतो, वयाची अट घालत नाही. लखनौमधल्या दहा वर्षांच्या एका मुलीने २०१२ मध्ये अर्ज करून विचारले होते, की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली. अर्ज पंतप्रधान कार्यालयापासून राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत फिरला आणि अशी कोणतीही नोंद सापडत नाही, असे उत्तर आले. मोठ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट एका मुलीने तपासून पाहिली. तरीही अर्जाची घाई करू नये. आधी भेटावे, समोर बसून विचारावे. झोनच्या कार्यालयात जाऊन अभियंत्यासमोर स्वतः काढलेला नकाशा पसरणारी मुलगी त्या दिवशी जे शिकते, ते अर्ज टपालात टाकून येत नाही. अभियंताही सहसा खुर्ची पुढे ओढतो, कारण इतक्या नेमकेपणाने त्याला कोणी काही सांगितलेले नसते.

वस्तीला सांगणे हे शेवटचे काम, आणि नेमके तेच राहून जाते. ज्यांनी उत्तरे दिली त्यांना परत जाऊन निष्कर्ष सांगितलाच पाहिजे, मग तो त्यांना आवडो वा न आवडो. चौकात, समाजभवनात, बुद्धविहारात, मंदिराच्या ओट्यावर, जिथे लोक संध्याकाळी बसतात तिथे मोठ्या कागदावरचे तक्ते टांगावेत आणि मुलांनीच ते समजावून सांगावेत. लोक चुका काढतील. त्या लिहून घ्याव्यात, कारण अहवाल पक्का होतो तो त्यानंतर. एका वर्षात नाली दुरुस्त होईलच असे नाही, आणि तसे वचन मुलांना देऊ नये. एकदा मोजून थांबलेल्या गोष्टीला कार्यालयात फारशी किंमत नसते. तीच गोष्ट तीन वर्षे सारख्या रीतीने मोजलेली असली तर तिच्याकडे डोळेझाक करणे अवघड जाते. म्हणून पहिल्या वर्षीच्या वह्या, नकाशे आणि कोऱ्या प्रश्नावल्या शाळेच्या कपाटात नीट लावून ठेवाव्यात, जूनमध्ये आठवीत येणाऱ्या मुलांच्या हाती पहिल्याच आठवड्यात द्याव्यात, आणि त्यातले काय पुन्हा मोजायचे, काय सोडायचे आणि नवे काय विचारायचे, ते त्यांना ठरवू द्यावे.